तिसऱ्या सीडीची पूजा

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी लांजा-रत्नागिरी गाडी स्टँडवर लागली. ड्रायव्हरने एका तरुण शिक्षिकेच्या हातात पाकीट दिले. सोबत तिचे सासरे होते.

"आली एकदाची! पहिल्या दोन सीडींवरून शाळेच्या कम्प्युटरवर लिनक्स चढलं, बाबा. पण कम्पायलर टाकायला गेलं की तिसरी मागतं."

"त्या कम्पायलरवाचून काय अडतं?"

"मुलांनी लिहिलेला प्रोग्रॅम चालतच नाही. उद्या अकराला वीस जणांचं प्रॅक्टिकल आहे."

"मग उघड की. अगो, हे लाल काय?"

"कुंकू! लांज्याहून पाठवायच्या आधी उन्मेषभावजींनी काल कम्प्युटरबरोबर हिचीही पूजा केली."

"बरं केलंन. मी कलमं बांधायच्या चाकूला लावतोच की. तो कापायचा थांबतो काय?"

"चाकूचं वेगळं. हिच्यावरचं सगळं या चकचकीत बाजूनं वाचलं जातं, आणि त्यांनी नेमकं तिथंच बोट टेकवलंय."

"दुसऱ्या बाजूला नाव छापलंय. ते झाकलं असतं ना! विचार करूनच लावलंन त्यानं."

"फारच विचार केला. रुमाल द्या."

"थांब, पूजेचं आहे. आधी नमस्कार कर. हां, आता आण, मी पुसतो."

"असं गोल नाही, बाबा. मधून बाहेर, सरळ."

"गेलं बघ कुंकू."

"हळद राहिली थोडी."

"हळद औषधी असते गो."

"मशीनला सांगा ते."

साडेपाचला दोघे हसतच रिक्षात बसले. सीडी तिने बोटांत कडेने धरली होती. पिवळा ठिपका अजून होता.