भिजलेल्या कॅमेऱ्याबाबत

पोलीस ठाणे, जुने शहर, लिस्बन. दिनांक ९ मे.

माझे नाव ग्रासियेत किंतेला, वय ५४ वर्षे, धंदा – बायकांचे केस कापण्याचे दुकान, राहणार कोव्हिल्या, जुन्या लोकर गिरणीच्या मागे. ठाण्यात बोलावून विचारल्यावरून समक्ष हजर राहून सांगते ते असे की,

वरील पत्त्यावर मी पती व सासूबाई यांच्यासह राहते. लिस्बन शहर पाहण्यासाठी मी काल बसने एकटी आले. माझी बहीण लुदोविना सोबत येणार होती. आयत्या वेळी तिच्या नवऱ्याचा गुडघा दुखू लागला, त्यामुळे ती आली नाही. "एकटी जाऊन काय बघणार गं, भिंती?" असे ती मला फोनवर म्हणाली. तरीही मी आले.

आज सकाळी मी बेलेंचा बुरूज पाहिला व त्यानंतर मठ पाहिला. दोन्ही चांगले आहेत. नदीकाठच्या बाकावर बसून मी घरून आणलेला पाव व चीज खाल्ले. एकटीने जेवताना कुणाला वाढावे लागत नाही, हे मला आवडले. या गोष्टीचा तक्रारीशी संबंध नाही, परंतु सकाळपासूनचे सर्व सांगा असे म्हटल्यावरून सांगत आहे.

दुपारी तीनच्या सुमारास मी आल्फामा या जुन्या वस्तीत पायी फिरवून आणणाऱ्या एका सहलीत सामील झाले. जुन्या वस्तीतली खरी माणसे दाखवू, असे त्यांच्या फलकावर लिहिलेले होते. वाटाड्याचे नाव इव्हो. तो पंचविशीचा असून त्याच्या हातात पिवळी छत्री होती. आम्ही दहा-पंधरा लोक होतो, सगळे आपल्याच देशातले. तक्रारदार श्री. आमिल्कार सिकैरा हे त्यांच्या पत्नीसह त्यात होते. त्यांच्या गळ्यात लांब भिंगाचा कॅमेरा होता. मी त्यांना यापूर्वी ओळखत नव्हते व माझे त्यांच्याशी काही वैर नव्हते.

कपडे वाळत घातलेल्या एका अरुंद बोळात इव्होने आम्हांला थांबवले. तेथे तळमजल्यावर एक खिडकी उघडी होती. खिडकीला लागून आतल्या बाजूस खुर्चीवर एक वृद्ध बाई बसलेल्या होत्या. खांद्यावर काळी शाल होती आणि डोके खिडकीच्या चौकटीला टेकलेले होते. इव्हो म्हणाला, "ही आपल्या आल्फामाची आजी. जन्म याच खिडकीत गेला तिचा. आत्ता झोपलीय, तेव्हा हळू बोला. फोटो खुशाल काढा, तिला आवडतं." असे म्हणून त्याने कागदात गुंडाळलेला तार्त, म्हणजे दूध-अंड्याचे गोड सारण भरलेली छोटी वाटी, खिडकीच्या कठड्यावर ठेवला. तो रोज ठेवतो असे त्याने सांगितले. कठड्यावर आधीचा एक तार्त तसाच पडलेला होता. त्यावर मुंग्या होत्या.

लोक एकेक करून खिडकीशी उभे राहिले व फोटो काढले. एका तरुण मुलीने स्वतःची गवती टोपी काढून त्या बाईंच्या डोक्यावर ठेवली. सगळे हसले. श्री. सिकैरा म्हणाले, "मान जरा वर केली असती तर तोंडावर उजेड आला असता." त्यावर इव्होने दोन बोटे बाईंच्या हनुवटीखाली घालून त्यांचे तोंड वर केले. श्री. सिकैरा यांनी फोटो घेतले. इव्होने बोटे काढल्यावर मान पुन्हा खाली पडली. इव्होने बोटे विजारीला पुसली.

खिडकीतून लघवीचा वास येत होता. तो सर्वांना आला असावा, कारण श्री. सिकैरा यांच्या पत्नीने नाकाला रुमाल लावला. दुसऱ्या हाताने त्या फोनवर चित्रण करत राहिल्या.

माझी पाळी आली तेव्हा मी जवळ गेले. बाईंचा एक डोळा अर्धा उघडा होता व त्यावर माशी बसलेली होती. पापणी हलली नाही. तोंडाच्या एका कडेने लाळ गळून शाल ओली झालेली होती. मी टोपी काढून त्या मुलीला परत दिली आणि इव्होला म्हटले, "ही बाई झोपलेली नाही."

इव्हो म्हणाला, "ताई, मी रोज येतो इथे. तुम्ही आज आलात."

"हिचं नाव काय?"

"आजीच म्हणतो आम्ही तिला."

मी आत हात घालून बाईंच्या गालाला लावला. गाल गरम होता. श्वास चालू होता, परंतु घशातून घरघर येत होती. मी हाक मारली. त्यांनी उत्तर दिले नाही. त्या वेळी श्री. सिकैरा यांच्या पत्नी मला म्हणाल्या, "अहो, जरा हात काढता का? फोटोत येतोय."

मी शेजारचे दार ठोठावले. फेलिस्बेला नावाच्या बाई बाहेर आल्या. त्यांचे वय सत्तरीच्या आसपास आहे. त्यांच्या हाताला मिठाचे पाणी लागलेले होते, कारण त्या उद्याच्या जेवणाचा खारवलेला मासा भिजत घालत होत्या. खिडकीकडे पाहताच त्या "झुल्मिरा! अगं ए झुल्मिरा!" असे ओरडल्या. त्यांच्याकडे किल्ली होती. आम्ही दोघी आत गेलो. खुर्चीतील बाईंचे नाव झुल्मिरा फाल्काव असून त्या एकट्या राहतात, असे मला तेव्हा समजले. मी रुग्णवाहिकेसाठी ११२ ला फोन केला.

फेलिस्बेलाबाईंनी खिडकीतून इव्होला विचारले, "कधीपासून आहे ही अशी?"

तो म्हणाला, "सकाळी पहिला घोळका आणला तेव्हापण झोपलेलीच होती."

"अशीच? मान अशीच होती?"

"अशीच."

"आणि तू खाऊ ठेवून गेलास."

इव्होने छत्री वर केली आणि पुढच्या अंगणात गाणारी बाई वाट पाहत आहे, उशीर झाला तर ती निघून जाईल, असे लोकांना सांगितले. तो व काही लोक पुढे गेले. टोपीवाली मुलगी रडत होती, तीही त्यांच्याबरोबर गेली. सात-आठ जण मागे थांबले. मदतीसाठी थांबले असतील असे मला वाटले होते.

झुल्मिराबाईंचा झगा व खालचे कपडे ओले होते. दवाखान्याची माणसे येण्यापूर्वी ते बदलावेत असे फेलिस्बेलाबाई म्हणाल्या. "आयुष्यात कधी बिनइस्त्रीची दारात नाही आली ही. लोकांसमोर अशी नाही जायची." आम्ही खिडकी लावायचा प्रयत्न केला. झुल्मिराबाईंचा खांदा चौकटीत अडकलेला होता, खुर्ची मागे ओढली असती तर त्या पडल्या असत्या, त्यामुळे खिडकी लागली नाही. मी शाल आडवी धरली. ती पुरत नव्हती.

फेलिस्बेलाबाईंनी बाहेरच्या लोकांना सांगितले, "जा रे बाबांनो, जा आता. बघितलंत ना? झालं ना?" बहुतेक जण दोन पावले मागे सरले. श्री. सिकैरा हलले नाहीत. ते म्हणाले, "रस्ता सगळ्यांचा आहे, बाई. फोटो काढायला बंदी आहे का कुठे?"

मी म्हटले, "तिचे कपडे बदलतोय आम्ही."

ते म्हणाले, "मी काय तिच्याकडे बघतोय? खोलीचा उजेड बघा काय सुंदर आहे." आणि त्यांनी कॅमेऱ्याचे भिंग कठड्यावरून आत घातले. त्या वेळी झुल्मिराबाईंच्या अंगावर कमरेखाली काही नव्हते. बटण दाबल्याचा आवाज मी ऐकला. एकदा नाही, बऱ्याच वेळा ऐकला.

फेलिस्बेलाबाई स्वतःच्या घरात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात मासा भिजवलेली बादली होती. मासा त्यांनी काढून ठेवलेला होता. पाणी त्यांनी श्री. सिकैरा यांच्या अंगावर ओतले. श्री. सिकैरा "वेडी म्हातारी!" असे व आणखी काही शब्द ओरडले. ते शब्द मी येथे सांगू इच्छित नाही, कारण हा जबाब घेणारे अंमलदार वयाने माझ्या मुलासारखे आहेत. त्यानंतर दुसरी बादली पडली. तिच्यात सकाळी पायऱ्या पुसलेले पाणी होते.

रुग्णवाहिका बोळात येऊ शकली नाही. दोन माणसे स्ट्रेचर घेऊन पायऱ्यांनी वर आली. त्यातील बाईने तपासून, डोक्यात रक्त अडकले आहे, वेळ फार गेला आहे, असे सांगितले. खाली नेताना वाटेत पुन्हा लोक उभे होते व फोन वर झाले. स्ट्रेचरवर झुल्मिराबाईंचे डोळे उघडले होते व त्यांनी त्या फोनांकडे पाहिले. त्यांच्या तोंडाची एकच बाजू हलत होती. त्या बाजूने त्या हसल्या. त्यांना तशी सवय झालेली असावी. मला त्याहून जास्त सांगता येत नाही.

फेलिस्बेलाबाई त्यांच्यासोबत दवाखान्यात गेल्या. जाताना, "दार ओढून घ्या हो, मांजर माशाला लागेल," एवढेच मला म्हणाल्या. मी तेथे थांबले असता श्री. सिकैरा पोलिसांना घेऊन आले. झुल्मिराबाई जिवंत आहेत, परंतु बोलू शकत नाहीत, असे मला आता ठाण्यात समजले.

श्री. सिकैरा यांची तक्रार कॅमेरा बिघडल्याबद्दल आहे. फेलिस्बेलाबाईंनी दोन बादल्या पाणी टाकून नुकसान केले, असे तीत लिहिले आहे. ते बरोबर नाही. फेलिस्बेलाबाईंची बादली त्यांच्या डोक्यावर व सदऱ्यावर पडली. कॅमेरा त्यांनी दोन्ही हातांनी वर धरला होता, तो तेव्हा कोरडा होता. त्या पाण्याने फक्त वास आला. दुसरी बादली फेलिस्बेलाबाईंच्या दाराशी ठेवलेली होती. झुल्मिराबाईंवर शाल टाकून मी बाहेर आले आणि ती मी उचलली.

दुसरी बादली टाकताना समोर कॅमेरा आहे हे तुम्हांला दिसत होते का, असे मला विचारण्यात आले. दिसत होते.

माझा कोणावर रोष नाही असे लिहू का, असेही विचारण्यात आले. लिहू नये. इव्हो याने झुल्मिराबाईंना सकाळी त्या अवस्थेत पाहिले व दुपारी पुन्हा माणसे आणली, याबद्दल वेगळी तक्रार घ्यावी, अशी माझी मागणी आहे. श्री. सिकैरा यांनी काढलेले फोटो त्यांच्यासमोर पुसून टाकावेत, कॅमेरा चालत नसेल तर फोटो साठवणारी आतील पट्टी मोडून टाकावी. उद्याच्या बसचे माझे तिकीट आहे, ते मी वापरणार नाही. फेलिस्बेलाबाई घरी येईपर्यंत मी त्यांच्याकडे थांबेन. पत्ता तोच बोळ. मला बोलवायचे असल्यास तेथे निरोप द्यावा.

हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले व मी ऐकले. दुसऱ्या बादलीच्या ठिकाणी अंमलदारांनी आपणहून "चुकून" असा शब्द घातला होता. तो मी काढायला लावला. आता मी सांगितले तसेच आहे.

समक्ष सही: ग्रासियेत किंतेला