प्रधान बोलला की मशीन बंद

...आणि वर आमची ही मलाच म्हणते, मशीन थांबवा! आता तुम्हीच सांगा, पडदे शिवून पोट भरणाऱ्या माणसाने भर दुपारी मशीन थांबवायचं, आणि ते कशासाठी? तर मोबाइलमध्ये कुणीतरी कुणाच्या तरी कानात कुजबुजतंय म्हणून!

तुम्हाला सांगतो, आमचं दुकान केवढं, तर दोन मशीनं, एक कापायचं टेबल आणि छतापर्यंत कापडाचे तागे. एका मशीनवर मी, समोर आमची ही. लग्न झाल्यापासून समोरासमोर बसतोय, बोलायचं होतं ते सगळं बोलून झालंय, भांडायचं होतं तेही झालंय. म्हणून लेकीने आईला ते ऐकायचं पुस्तक लावून दिलं. साधं नाही हं... एकाने घसा बसेपर्यंत वाचत राहायचं, तसलं नाही. जादूच्या राज्याची भलीमोठी कादंबरी, राणीला वेगळी बाई, राजपुत्राला वेगळा मुलगा, ड्रॅगनला वेगळा माणूस, घोड्यांच्या टापा काय, तलवारी काय! पहिल्या दिवशी ड्रॅगनने पंख उघडले, तर आमच्याच छतावरचा पत्रा उडाला असं वाटून मी बाहेर पळालो. आत आलो आणि हिला म्हटलं, काय पोरखेळ लावलाय, पुस्तक आहे ते! आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या कोण विचारतंय, काल कुठवर आलो होतो गं? मीच.

आता यात गंमत अशी, की लढाई लागली की आमचं काम झपाट्याने होतं. एका किल्ल्याला वेढा पडला, तेवढ्यात आम्ही अख्ख्या बंगल्याचे पडदे उरकले, अस्तरासकट. पण प्रधान आला की संपलं! कारण हा प्रधान कधी मोठ्याने बोलतच नाही हो. जे काय करायचं ते गोड, हळू, कानाशी. मशीनच्या खडखडाटात ऐकू कसं येणार? मग पायडलवरचा पाय उचलायचा, श्वास धरायचा आणि ऐकायचं. त्याने झालं काय, बाकी सगळे आम्ही गोंगाटात ऐकलेले, आणि हा मेला एकटाच निवांत, शांततेत. सख्ख्या भावाचा आवाज मला फोनवर ओळखू येत नाही, पण प्रधानाने नुसता श्वास घेतला तरी कळतं!

आणि काय काय केलं त्याने! राजाच्या दुधात विष घातलं. मग राणीला म्हणाला, "काही काळजी करू नका, मी आहे ना," आणि सरळ नेऊन तळघरात कोंडलं! त्या दिवशी ही जेवली नाही. मी म्हटलं, अगं, पुस्तक आहे ते. पण घास मलाही गेला नाही.

अशात लेकीने सांगितलं, मी मुलगा बघितलाय. काय करतो? आवाजाचं काम. आम्हाला वाटलं, सभांना कर्णे-बिर्णे लावत असेल. असू दे, कष्टाचं काम आहे. रविवारी घरी बोलावलं. मुलगा चष्मेवाला, सडपातळ, चपला दाराशी नीट जोडून ठेवल्या. ही चहाचा ट्रे घेऊन हसत हसत बाहेर आली. आणि त्याने तोंड उघडलं...

"आई, तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

मऊ! हळू! ही ट्रेसकट जागीच थबकली. हिने माझ्याकडे बघितलं, मी हिच्याकडे बघितलं, आणि तुम्हाला सांगतो, खुर्चीत बसल्या बसल्या माझा पाय आपोआप वर उचलला गेला! पायडल नाही, मशीन नाही, पाय मात्र वर! त्यानंतर बिचारा जे बोलेल ते वाईटच. साखर मी घालतो म्हणाला, हिने चमचा काढून घेतला. शेवटी, निघताना, छातीवर हात ठेवून म्हणतो, "लेकीची काही काळजी करू नका, मी आहे ना." झालं! ही आत गेली आणि तिने कडी लावून घेतली.

लेक म्हणाली, आई, तो पगार घेऊन बोलतो गं, पुस्तक आहे ते! ही म्हणाली, कळतंय मला, मी काय वेडी आहे? पण मी त्याला जीव मुठीत धरून ऐकलंय, त्याच्या हाती माझी मुलगी कशी देऊ? लेकीने बोलणं टाकलं. ताट घेऊन खोलीत जायची. दुकानात पुस्तक बंद, घरात माणसं बंद. मला फार वाईट वाटायचं हो. पण बोलू कुणाच्या बाजूने? कुठूनही बोललो तरी मारच खायचा होता.

मग एक दिवस तो मुलगा एकटाच दुकानात आला आणि ताग्यावर बसून राहिला. हिने मान वर न करता विचारलं,

"राणीला का कोंडलंस?"

"कुठल्या राणीला?"

अहो, त्याला माहीतच नव्हतं! त्यांचं काम म्हणे असंच चालतं. एकेकाला वेगवेगळं बोलावतात, गाद्या लावलेल्या एवढ्याशा खोलीत उभं करतात, हातात फक्त त्याची त्याची वाक्यं. हळू बोला म्हणाले, हा हळू बोलला आणि बस पकडून घरी गेला. राणी बघितली नाही, राजपुत्र बघितला नाही, दुधात काय होतं तेही ठाऊक नाही! हिने मशीन थांबवलं. मग उठली, खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली आणि पहिल्यापासून सगळी गोष्ट सांगायला लागली. राणी हीच, घोडे हीच, ड्रॅगनसुद्धा हीच! दोन गिऱ्हाइकं दारातूनच परत गेली. राजपुत्र तळघराच्या भिंतीला कान लावून आईला हाका मारतो, तिथवर आली, तर मुलाने चष्मा काढला.

"आई, हे मी केलं?"

आणि आमची ही काय म्हणाली असेल? त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणते कशी, "रडू नको रे बाळा, पुस्तक आहे ते."

म्हटलं, चला, सुटलो! कसलं सुटतोय? रात्री जेवताना हिने निकाल दिला. मुलगा सोन्यासारखा आहे, मला पसंत आहे, पण लग्न पुस्तकाच्या शेवटच्या भागानंतर. प्रधानाला शिक्षा झालेली या कानांनी ऐकेन, मगच तो आवाज जावई म्हणून घरात येईल. आणि शेवटचा भाग कुठाय? लेखकाच्या डोक्यात!

मुलगा गेला बिचारा त्या लेखकाकडे. मला पुढच्या भागाच्या पहिल्याच प्रकरणात मारून टाका म्हणाला, फासावर द्या, ड्रॅगनला खायला घाला, माझी वाक्यं गेली तरी चालतील. नवरदेव हो, स्वतःच्या मरणासाठी हातापाया पडतोय! लेखक म्हणे खूश झाला. म्हणाला, छे छे, तुमचं काम लोकांना इतकं आवडलंय, की पुढच्या चारही भागांत प्रधानच गादीवर!