खिडकी उघडली तेव्हा

अल्माटीतल्या कानांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजीबाई बसल्या होत्या. त्यांच्या पलीकडे, तान्ह्या लेकीला मांडीवर घेतलेली एक तरुण आई.

"जरा मोठ्यानं बोल गं पोरी, मला कमी ऐकू येतं. कितवा महिना हिला?"

"सहावा, आपा."

"किती शांत आहे. थू थू, माझी दृष्ट नको लागायला. राहता कुठे?"

"विमानतळाच्या कुंपणाला लागून."

"आणि ही झोपते तिथे?"

"ही जन्मली त्याच महिन्यात विमानतळवाल्यांनी गल्लीभर तिहेरी काचांच्या खिडक्या बसवून दिल्या. ही कधी दचकत नाही, म्हणून सासूबाई त्या खिडक्यांना दुवा देतात."

"मग इथे कशाला आणलीस?"

"काल पडदे धुवायला काढले, म्हणून खिडकी उघडली. नेमकं तेव्हाच मालवाहू विमान आलं. कपाटातल्या चहाच्या वाट्या खणखणल्या. मी कान झाकून घेतले."

"आणि ही?"

"माझ्याकडे बघून हसली."

"अगं, सवय झाली असेल."

"मीही तसंच म्हटलं. मग खिडकी उघडीच ठेवली. पाच विमानं गेली, आपा. घरी सांगून आलेय, लस टोचायला नेतेय."

"मागून हाक मारून बघितलीस?"

"समोरून मारली की बघते. मागून मारायची हिंमत होत नाही."

"पोरी..."

"तुमचा आवाज मोठा आहे, आपा. हिचं नाव मेरेय. तुम्ही मागून हाक मारा. मी डोळे मिटून घेते."