बकलाजवळचा टाका

लेक : गाठ सुटते का बघू, काका? ताणून—

कारागीर : हात लावू नका! … माफ करा ताई, आवाज चढला. दिवा तेवढा इकडे ओढा.

लेक : लिलाववाल्याने नुसतं ‘जुन्या विमानांचं सामान’ म्हणून काढलं होतं. एक फुटकं होकायंत्र, चामडी टोपी आणि हा वैमानिकाला खुर्चीशी बांधायचा खांद्याचा पट्टा. टोपीवर सगळ्यांच्या उड्या. पट्ट्याला कुत्रं विचारेना. पण आईने हात वर केला, तो खाली घेईचना.

कारागीर : त्यांनी ओळखला?

लेक : कसला ओळखते! बकलावर हिरवा रंग दिसला, बाबांच्या विमानासारखा. आता हिरवं विमान काय जगात एकच होतं? म्हणून तुमच्याकडे आले. फ्लाइंग क्लबचे पट्टे तुम्ही शिवायचात म्हणे.

कारागीर : शिवायचो. आता नाटकवाल्यांचे पडदे शिवतो. … ही शिवण यंत्राची. आणि ही, बकलाजवळची, हाताची. मेणाचा दोरा, दुहेरी टाका, शेवटी उलटा फिरवलेला. हा टाका माझा.

लेक : नक्की?

कारागीर : आपला टाका आपल्याला कळतो, ताई. तुमचे वडील स्वतः घेऊन आले होते. म्हणाले, “घट्ट शिव बाबा, माझा जीव टांगलाय यावर.” हिरव्या विमानाचा एवढा एकच पट्टा आला माझ्याकडे.

लेक : म्हणजे बाबांचाच! आई खाली गाडीत बसलीय, गुडघे धरलेत तिचे. सांगून येते.

कारागीर : थांबा जरा. वडील कसे गेले म्हणून सांगितलं होतं तुम्हाला?

लेक : कड्यावर आदळले. शोधायला गेलेल्या विमानाला वरून तुकडे दिसले, माणूस दिसला नाही. बाबांच्या थोरल्या भावाने दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना माघारी आणलं. वर माणसं पोचली ती बर्फ वितळल्यावर. तोवर काय उरणार? काका आईला म्हणाले, “क्षणात गेला, त्याला कळलंसुद्धा नसेल.” त्या एका वाक्यावर आईने जन्म काढलाय. … का विचारलंत?

कारागीर : पट्टा तुटलेला नाही. तुटला असता तर धागे पिंजले असते. चाकूने कापलाय हा.

लेक : ज्याला सापडला, त्याने कापला असेल.

कारागीर : मग त्याने गाठ कशाला मारली असती? रक्त थांबवायला मांडीला आवळतात, तशी गाठ आहे. ही वळी बघा. आणि ही. ही पण. प्रत्येक वळीपाशी डाग. बांधलाय, सैल केलाय, परत बांधलाय.

लेक : म्हणजे … किती वेळ?

कारागीर : ते पट्ट्यावरून कळत नाही. क्षण नव्हता, एवढंच कळतं.

लेक : लिलाववाला म्हणाला, ज्याच्या घरातलं सामान, त्याचा बाप लाकूडतोड्या होता. हा पट्टा ओढ्याकाठी मिळाला म्हणायचा.

कारागीर : कड्याखालीच ओढा आहे का?

लेक : खाली. पार खाली. … काका, धुऊन टाका हा.

कारागीर : वाफेवर धरला तर वळ्या जातील. डागही फिकट होतील. पण एकदा गेलं ते मला परत आणता येणार नाही.

लेक : तेच हवंय मला. ऐंशीला टेकलीय ती. आता या वयात हे तिच्या पुढ्यात ठेवू? ज्याच्याशी भांडायचं तो थोरला भाऊही गेला.

कारागीर : पट्टा त्यांनी घेतलाय, ताई.

लेक : आणि आई माझी आहे.

आई : (दारातून) आहे ना? मग तिला गाडीत विसरून कशी आलीस?

लेक : आई! जिना कशाला चढलीस?

आई : ते उतरताना कळेल. नमस्कार. काय निघालं हो, आमचा की परक्याचा?

कारागीर : तुमचाच, बाई.

लेक : मळलाय खूप. धुऊन देतायत ते.

आई : दे इकडे. जन्म गेला माझा वॉर्डात, मळाचं कौतुक मला नको सांगू. … ही गाठ कुणी मारली? तुम्ही?

कारागीर : नाही. अशीच आली.

लेक : आई, राहू दे ना.

आई : बोटं काढ मधून. … इथे सैल केलाय. मग इथे. मग आणखी वर. … मांडी होती.

लेक : तसंच असेल असं नाही गं—

आई : पोरी, मी नर्स होते. … धुवायचा नाही हं हा. असाच गुंडाळा.

कारागीर : पाणी देऊ, बाई?

आई : नको. … लग्न झाल्यापासून मी मागे लागले होते यांच्या. एकटे उडता, काही झालं तर असं आवळायचं, थोड्या थोड्या वेळाने सैल करायचं, नाहीतर पाय जातो. उशीला टॉवेल बांधून दाखवायचे. हे आपले पेपरात डोकं घालून बसलेले.

लेक : आई, बस जरा.

आई : मला वाटायचं, ऐकतच नाहीत.