धुऱ्यावरचा पंजा

बसा मंडळी, पुढे सरकून बसा. टाळकरी, थोडा दम घ्या. आज देवाचं नाव घेऊन एकच प्रश्न विचारतो. माणसाची ताकद कशात असते? घट्ट धरण्यात, की वेळेवर सोडण्यात? उत्तर आत्ता देऊ नका. आधी ऐका.

कोळसखेड नावाचं गाव. तिथे दोन भाऊ — थोरला वासुदेव गोटे, धाकटा काशिराम. वाटणी झाली, रानं वेगळी झाली. दोन रानांच्या मधे धुरा, म्हणजे बांध, आणि धुऱ्याला लागून नाल्याच्या उतारावर जमिनीची एक पट्टी. वासुदेव म्हणे, ती माझी. काशिराम म्हणे, माझी. बोलणं बंद! कित्येक वर्षं ना याने तिथे नांगर घातला, ना त्याने. मग जमीन रिकामी राहते का हो? वेडी बाभूळ माजली, टणटणी माजली. आत रानडुकरं राहायला आली. रात्री निघायची आणि दोघांचाही हरभरा सारखाच खायची. डुकरांनी मात्र दोन भावांत कधी भेदभाव केला नाही! हसता काय? खरं तेच सांगतो.

शेवटी वासुदेवानं ठरवलं, पट्टी साफ करायची. त्याच्या ट्रॅक्टरला पुढून लोडर होता, ओझं उचलायचे लोखंडी हात. त्याला लावायला पंजा हवा — झुडपं, मुळ्या जबड्यात धरून उपटणारा लोखंडी पंजा. डुकरं जातील हे खरं. पण मनात दुसरंच होतं. ‘मी साफ केली, म्हणजे पट्टी माझी!’

तालुक्याला इरफानभाईंचं अवजारांचं दुकान. वासुदेवाची बायको शेवंताबाई सोबत होती. वासुदेव आत शिरला तो बोलतच — “सगळ्यात मोठा दाखवा!”

इरफानभाई म्हणाले, “दाखवतो. आधी सांगा, तुमचा लोडर किती वजन उचलतो? पंज्याचं वजन त्यातच धरायचं असतं. पंजाच जड घेतला, तर झाड कशानं उचलाल?”

“ते माझं मी बघतो.”

“जमीन सपाट आहे का उताराची? आणि साफ झाल्यावर तिथे पेरायचं आहे ना? मग फटी असलेल्या दात्यांचा घ्या. मुळी पंज्यात राहते, माती खाली गळते. या मोठ्याचा तळ बंद आहे. हा मातीसकट सगळं उचलतो.”

शेवंताबाई हळूच म्हणाली, “अहो, उताराचं सांगा की त्यांना.”

“तू गप गं!” आणि घेतला की मोठाच. का? पलीकडच्या रानातून भावाला दिसला पाहिजे!

मंडळी, तुम्ही-आम्ही काय वेगळं करतो? पाहुण्यांना दिसावं म्हणून घराला दार केवढं लावतो! असो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झालं. पलीकडे काशिराम हाताची घडी घालून उभा. तो काही कौतुकाला आला नव्हता. हा माझ्यात वीतभर जरी सरकला, तर दाखवतो, म्हणून उभा!

दोन-चार झुडपं निघाली. वासुदेवाला हुरूप आला. त्यानं एका जुन्या बाभळीचं बूड धरलं — मुळ्या, माती, दगड, सगळं जबड्यात. वर उचललं. आणि मागचं एक चाक जमिनीवरून सुटलं! ट्रॅक्टर नाल्याकडे कलायला लागला. वासुदेवाचा हात लिव्हरवर गोठला. माणूस घाबरला की काय करतो? आणखी घट्ट धरतो!

तेवढ्यात पलीकडून हाक आली —

“दादा! खाली घे! जबडा उघड! सोड ते, दादा, सोड!”

वासुदेवानं लोडर खाली घेतला, जबडा उघडला. बूड मातीसकट खाली पडलं. चाक धाडकन जमिनीला टेकलं. ट्रॅक्टर बंद करून तो उतरला आणि तिथेच बसला. काशिराम काट्यातून धावत आला होता, पोटरी रक्तानं भरलेली. त्यानं पाण्याची बाटली पुढे केली. वासुदेव दोन घोट प्याला, काशिराम शेजारी बसला.

मग वासुदेव म्हणाला, “तू पट्टीसाठी भांडायला उभा होतास ना?”

“हो.”

“मग?”

“मग काय? चाक उचललेलं दिसलं. पट्टी कुठे दिसते मग!”

वासुदेवानं धाकट्याच्या पोटरीतला काटा काढला. लहानपणी काढायचा, तसा. आणि दोघंही रडले. शेवंताबाई भाकर घेऊन आली, तिनं पाहिलं आणि तिघांची पानं वाढली.

पुढे दोघं भाऊ मिळून इरफानभाईंकडे गेले. या खेपेला वासुदेवानं त्यांचं सगळं ऐकून घेतलं. आपल्या लोडरला झेपेल असा हलका, फटीच्या दात्यांचा पंजा बदलून घेतला. ट्रॅक्टर कलू नये म्हणून मागे वजन बांधलं. मुळी धरायची, जरा हलवायची. माती गळून शेतातच राहायची. पट्टी साफ झाली, डुकरं गेली. दोघी जावांनी तिथे हळद लावली. निम्मी कुणाची कुठवर, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

मंडळी, धरायला तर तान्हं लेकरूही शिकतं. काय धरायचं आणि काय गळू द्यायचं, हे कळायला आयुष्य जातं. तुमच्या मुठीत आज काय आहे, जरा बघा.

आणि एक बोलतो, राग मानू नका. या मांडवात, त्या खांबाशी एकजण बसलेत आणि इकडे दाराशी त्यांचे सख्खे भाऊ. नावं घेत नाही. प्रसाद वाटायला अजून थोडा वेळ आहे. आम्ही सगळे डोळे मिटून भजन म्हणतो. तेवढ्यात एकानं उठून दुसऱ्याशेजारी जाऊन बसावं. कुणी बघणार नाही.

वाजवा टाळ! मिटा डोळे!