दुपारची ऑडिशन

—राहिलेलं काही नाही फॉर्ममध्ये. सही बरोबर आहे, वयाचा दाखला बरोबर आहे, फोनवर मी उगाच तसं म्हटलं, तू यावीस म्हणून. बस ना. ती खुर्ची नको, तिचा पाय डुगडुगतो, ह्या स्टुलावर बस. तो फोटो होय—जहाजावरचा आहे, आत येणारा प्रत्येक जण आधी तिकडेच बघतो. पांढरा कोट, गळ्यात सॅक्सोफोन, मागे समुद्र. ह्या फोटोवर तर क्लास चालतो माझा, गेली वीस वर्षं. सोड तो, इकडे बघ. आणि मला सर म्हणू नकोस. काल खिडकीतून फॉर्म आत सरकवून गेलीस, त्यावर वडिलांचं नाव वाचलं मी—वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. तुझा बाबा आणि मी आठ वर्षं एकाच मास्तरांच्या हाताखाली सॅक्सोफोन शिकलो. काका म्हण. किंवा काहीच म्हणू नकोस, तेच बरं.

उद्याचं सांगतो आधी. जहाज कंपनीची दोन माणसं येणार, तिसऱ्या खुर्चीत मी—गावातला जुना जहाजावरचा वादक म्हणून बसवतात मला, मान हलवायला. दहा वाजता सुरू, तुझा नंबर सात. पहिल्यांदा तुझ्या आवडीचं काहीतरी वाजवायला लावतील, ते तू छानच वाजवशील. मग समोर कागद ठेवतील, कधी न पाहिलेलं नोटेशन. मिनिटभर बघायचं आणि वाजवायचं. अडखळलीस की आटोपलं. का, तर जहाजावर रोज नवा पाहुणा—आज गायिका, उद्या जादूगार—दुपारी त्यांचे कागद हातात पडतात आणि संध्याकाळी कार्यक्रम. पाठ करायला वेळ कुणाला असतो तिथे? बावीस अर्ज आलेत आणि जागा एक आहे.

तर हे पाकीट घे. घे म्हणतो ना. उद्याचे तीन कागद आहेत ह्यात, कंपनीनं माझ्याकडे सील करून पाठवलेत—सील होतं, काल मीच फोडलं, तुझा फॉर्म वाचल्यावर. तुझ्यासारखीला दोन तास पुरे. कुणाला कळायचं नाही. हात मागे का घेतेस? चोरी वाटते? अगं, चोरी कसली, हे तुमच्याच घरचं आहे, उशिरा परत करतोय इतकंच. असं बघू नकोस माझ्याकडे. तुझा बाबाही अगदी असंच बघायचा, मास्तरांची शिट्टी आम्ही लपवली की. बरं, बरं—सांगतो. सांगितल्याशिवाय तू घेणार नाहीस, दिसतंय मला.

असंच होतं आमच्या ऑडिशनलाही, एकच जागा. तुझ्या बाबाचा नंबर सकाळी, माझा दुपारी. मधे आम्ही दोघं मागच्या जिन्यावर एक डबा घेऊन बसलो. वाचण्यात मी कच्चा होतो, त्याला माहीत होतं—मी सगळं कानानं उचलायचो, कागद समोर आला की लहान मुलानं अक्षरं जुळवावीत तसं व्हायचं माझं. आणि तो? तो वर्तमानपत्र वाचावं तसं वाचायचा. पण त्या दिवशी एका ठिकाणी चुकला. दुसऱ्या कागदात, मधल्या ओळीत. जेवणं सुचेना त्याला—हातात घास तसाच, आणि ती ओळ गुणगुणतोय. असं हवं होतं, मी असं वाजवलं, असं हवं होतं. मग पहिला कागद, तिसरा, पुन्हा दुसरा, सगळं गुणगुणून दाखवलं त्यानं. दुपारचे कागद वेगळे असणार असं तो धरून चालला होता. मी पण, शपथेवर सांगतो, मी पण तसंच धरून चाललो होतो.

आत गेलो. कागद ठेवला समोर. पहिली ओळ कशीबशी जुळवली—तेच होतं. तेच तीन. तेव्हा सांगता आलं असतं ना मला? साहेब, हे मी ऐकलंय, दुसरं द्या. एवढंच वाक्य. ते म्हणाले, तयार? आणि मी सॅक्सोफोन तोंडाला लावला. न अडखळता वाजवलं, अगदी त्याची ती मधली ओळसुद्धा. त्याची चूक त्यानंच दुरुस्त करून माझ्या कानात घातली होती. नजर फक्त कागदावर फिरवत होतो, वाचल्यासारखी. त्यांनी तिथल्या तिथे हात मिळवला माझ्याशी. खाली तुझा बाबा थांबला होता, त्यानं मला उचललं. खरोखर उचललं, कमरेला धरून.

जहाजावर काय झालं म्हणतेस? व्हायचं तेच झालं. पहिल्याच आठवड्यात भांडं फुटलं. बँडमास्तर माणूस बरा, ओरडला नाही—ओरडला असता तर बरं झालं असतं. मला घरी पाठवावं तर बदली माणूस मिळेना. आता तिथल्या कार्यक्रमात वादकांच्या जोडीला मागे रेकॉर्डिंगही चालू असतं, आवाज भरलेला वाटावा म्हणून, आणि त्यात सॅक्सोफोन होताच. मला म्हणाला, तू उभा राहा, बोटं हलव, जरा डोल, फुंकू मात्र नकोस. साउंडवाल्यानं माझा माइक बंद केला तो सात महिन्यांनी मी उतरेपर्यंत बंदच होता. रोज संध्याकाळी कोटाला इस्त्री करून मी तिथे उभा. जेवायच्या टेबलावर बाकीचे वादक माझ्याशी हवापाण्याचं बोलायचे, वाजवण्याचं कधीच नाही. एक आजीबाई होत्या, नेहमी पहिल्या रांगेत. उतरायच्या दिवशी माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, बाकीचे नुसते वाजवतात, तू मनापासून वाजवतोस. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तो फोटो त्यांनीच काढलेला.

जा, जवळ जाऊन बघ आता. सुरुवातीला चुकून फुंकर जायची, म्हणून मी रीडच काढून ठेवायला लागलो. वाजवणारी आहेस, तुला काय सांगायचं—ती वेताची पट्टी नसली तर नुसता पितळेचा नळ. बघ, स्क्रू आवळलेले आहेत आणि पट्टी नाही. इतकी मुलं शिकून गेली ह्या खोलीतून, कुणाच्या लक्षात आलं नाही. काय? तुझ्या आलं होतं? आल्या आल्याच?

बरोबर आहे. त्याचीच मुलगी.

परत आल्यावर मी तुझ्या बाबाला भेटलोच नाही. लांबून दिसला की गल्ली बदलायचो. त्याला कळलंय असं मी धरून चाललो, आणि खरं सांगू, त्याचाच आधार वाटायचा मला—निदान एका माणसाला माहीत आहे, तो मूग गिळून बसलाय, मनातून शिव्या घालत असेल, घालू दे. काल फॉर्म बघितला तेव्हा वाटलं, त्यानंच तुला पाठवलं, आता मागायला. काय म्हणतेस?

परत सांग.

दुपारचे कागद वेगळेच होते, असं म्हणतो तो? आजही? आणि तुला सांगतो, जा त्याच्याकडे, तो न बघितलेलं सरळ वाजवून आला होता—असं सांगतो? आणि वाद्य माळ्यावर का टाकलं त्यानं? तू आणलेली ही सॅक्सोफोनची पेटी त्याचीच ना, कोपऱ्यातला पोचा मी ओळखला. थांब, मला नीट कळू दे. ज्याला आपण ओळी जुळवून द्यायचो तो एका झटक्यात वाचून गेला, मग आपल्यात काही नव्हतंच, असं वाटलं त्याला? म्हणून टाकलं? वीस वर्षं त्याला असं वाटतंय? अगं, मला वाटलं मी त्याची जागा घेतली. जागा तर जाऊ दे—

पाकीट नको घेऊस. राहू दे माझ्याकडेच. कंपनीला फोन करून सांगतो सील फुटलंय, मी फोडलं. कागद बदलतील ते, माझी खुर्चीही काढतील, काढू देत. तू कागद कुठलाही आला तरी वाचशील.

उठलीस. उठ. पेटी सांभाळून ने, पायरी उंच आहे. आणि त्याला सांग. मी सांगेन म्हटलं तर अजून वीस वर्षं जातील. सांग, दुपारी तेच कागद होते. मी वाचलं नव्हतं, ऐकलं होतं. त्याच्याच तोंडून.

जा आता. दार ओढून घे, वाऱ्यानं आपटतं.