मुंगी की उंदीर?

लेकराच्या तळहातावर बोट फिरवत जे गाणं म्हणतात, त्यात तुमच्याकडे मुंगी येते की उंदीर? हसू नका, मी मनापासून विचारतोय.

वरूडहून मी मामासोबत अकोल्याला मुलगी पाहायला गेलो होतो. त्याआधी दोन ठिकाणी नकार आला होता. नववीत शाळा सोडलेली आणि वरून मुलगा तोंड उघडत नाही, असं त्यांचं म्हणणं. इथंही मी खाली मान घालून पोहे खात होतो.

मुलीचे वडील मामाला म्हणाले, "पोरगा बोलते की नाई?"

"बोलते ना, जरा टाइम लागते," मामा म्हणाले.

तेवढ्यात मुलीचा लहानगा भाचा रडत माझ्या पायाशी आला. काही सुचेना, म्हणून त्याचा हात धरून आईचं मुंगीचं गाणं म्हटलं. बोटांची मुंगी चढत चढत काखेत शिरली, तसा तो खदखदून हसला.

मुलीच्या आईनं नवलानं विचारलं, "मुंगी कावून? या गाण्यात तर उंदीर येते!"

"आमच्या वरूडले मुंगीच येते," मी बोलून गेलो.

"काखेत काय करते ते?" त्यांनी विचारलं.

"साखर शोधते."

"आमचा उंदीर दाणे शोधते," वडील म्हणाले.

चाल मात्र तीच. मग अकोला ते वरूड वाटेत उंदराची मुंगी कुठं झाली? या वादात मी चक्क पंधरा मिनिटं बोललो.

मुलीनं बशा उचलता उचलता मला विचारलं, "मंग पुढं लेकराईले कोणतं शिकवाचं?"

मामानं मला कोपर मारलं, "आता बोल न बाप्पा!"

मी म्हणालो, "दोन्ही."